डाव्या सीटवरचे मास्तर

"सोडा... सोडा... सोडा... सोडू नका!"

एका दमात दिलेल्या या चार आज्ञा पाळता आल्या की माणसाला मोटार चालवता येते, अशी आमच्या मास्तरांची श्रद्धा आहे. आज्ञा क्लचबद्दलची. मी पहिल्या तीन पाळल्या. चौथी कानात शिरेपर्यंत गाडीनं बेडूकउडी मारली आणि सदर बझारच्या रस्त्यात ती गप्प झाली. मागून येणारा दूधवाला कॅन सावरत थांबला आणि हसला. माझ्याकडे बघून नाही, मास्तरांकडे बघून. मास्तरांनीही मान हलवून पोच दिली. रोजचा व्यवहार असावा.

सत्तावीस वर्षं साताऱ्यात मराठी शिकवल्यावर, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकायला गेले. शाळेत सगळे मला 'बाई' म्हणतात. मास्तरही 'बाई'च म्हणाले. फक्त बाक बदलला.

मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर हा इसम तालुक्याच्या कुठल्याही गावी सापडतो आणि सगळीकडे साधारण एकाच साच्यातला असतो. आमच्या मास्तरांनी दिवसातले दहा तास डाव्या सीटवर काढलेत, त्यामुळे त्यांचा उजवा खांदा स्टिअरिंगच्या दिशेनं कायमचा झुकलाय. पायी चालतानासुद्धा वळायच्या आधी ते मान वळवून मागं बघतात. देवळातून बाहेर पडताना उंबऱ्यावर थांबून, आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे बघताना मी त्यांना पाहिलंय. खिशात बॉलपेन, मांडीवर लांबडी वही. गाडी चालू असताना मधूनच ते वही उघडत, एक रेघ ओढत आणि मिटत. हजेरी असेल, असं मी धरून चालले. शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकाची वही बघायची सवय नसते.

गाडी म्हणजे मारुती एट हंड्रेड. टपावर पाटी, पुढे-मागे पांढऱ्यावर तांबडा 'एल'. या गाडीचं उत्पादन 2014 मध्येच थांबलं, पण ही बातमी मास्तरांनी तिच्या कानावर जाऊ दिलेली नाही. शिकणाऱ्याच्या शेजारी परवानाधारक माणूस बसलेला हवा आणि त्याला गाडी थांबवता आली पाहिजे, असं 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. म्हणजे मास्तरांची व्याख्या सरकारनंच करून ठेवली आहे: थांबवू शकणारा माणूस. म्हणूनच त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच होता. ॲक्सिलरेटर मात्र नव्हता. मी कारण विचारलं.

"पळवायला कुणीबी शिकवतंय, बाई," मास्तर म्हणाले. "त्याची फी घेत न्हाई मी."

त्यांची शिकवण्याची पद्धत बी.एड. कॉलेजात दाखवावी अशी. ज्याच्या त्याच्या धंद्यातला दाखला. शेतकरी आला की, "कासरा एकदम सोडला तर बैल काय करतंय? तसा क्लच." टेलर आला की शिलाई मशीनचं पायडल. मला म्हणाले, "दूध वर यायला लागलं की तुम्ही गॅस एकदम बंद करता का? बारीक करता. तसा पाय बारीक करा." अर्धा क्लच मला त्या क्षणी कळला. त्या दिवशी घरी दूध मात्र उतू गेलं.

लर्निंग लायसनसाठी संगणकावर परीक्षा असते आणि साठ टक्के उत्तरं बरोबर आली की माणूस पास होतो. मी पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि अपेक्षेनं मास्तरांकडे पाहिलं. ते गंभीर झाले. "तुमास्नी शंभर पडले ते बरंच झालं. पर साठवाल्यांनी सोडलेले चाळीस टक्के कुटं गेले, म्हाईत हाय? ते समोरनं येत्यात."

चिन्हं पाठ करून घ्यायची त्यांची रीत ऐकून मला माझ्या व्याकरणाच्या तासांची लाज वाटली. "तांबड्या कडेचा गोल म्हणजे वडील. न्हाई म्हणलं की न्हाई. त्रिकोण म्हणजे आज्जी. ती कशाला अडवत न्हाई, नुसतं म्हणती, वळण हाय, शाळा हाय, जपून जा बाळा. निळा चौकोन म्हणजे मामा. पुढं पेट्रोल हाय, पुढं जेवायची सोय हाय." आणि आठ कोनांची थांबायची पाटी? "ते सरकारी साहेब. त्या आकाराचं दुसरं कुणी न्हाई. पाटीवर चिखल उडालेला असला, अक्षर दिसत नसलं तरी आकार बघून उभं ऱ्हायचं."

एवढं झाल्यावर खरा अभ्यासक्रम सुरू झाला. मास्तरांच्या मते रस्त्यावर दोन भाषा चालतात. एक पुस्तकातली, दुसरी साताऱ्यातली. पुस्तकात पिवळा दिवा म्हणजे थांबा. अगदी इतके जवळ आला असाल की ब्रेक मारला तर मागचा अंगावर येईल, तरच जा. साताऱ्यात पिवळा म्हणजे पळा. पुस्तकात उजवीकडे वळायचं तर उजवा इंडिकेटर. साताऱ्यात रिक्षावाल्याचा डावा पाय बाहेर आला की रिक्षा डावीकडे वळते. समोरच्यानं डिपर मारला तर भाबड्या माणसाला वाटतं, तो म्हणतोय, 'या.' तो म्हणत असतो, 'मी आलोच.' आणि चौकात चारी इंडिकेटर लुकलुकले तर गाडीवाला म्हणतोय, 'मी सरळ चाललोय.' सरळ जाणाऱ्यानं काहीच सांगायचं नसतं, हे त्याला पटत नाही. बाजूच्या टेंपोनं त्याचा एका अंगाचा दिवा झाकला, तर बघणाऱ्याला एकच दिवा दिसतो आणि तो समजतो, हा वळणार.

मी आयुष्यभर बोलीभाषेची बाजू घेत आलेय. प्रमाणभाषा म्हणजेच शुद्ध, असं म्हणणाऱ्यांशी स्टाफरूममध्ये भांडलेय. पण मास्तरांनी माझी पंचाईत केली. "दोन्ही भाषा कळल्या पायजेत, बाई," ते म्हणाले. "बोलायची मातुर पुस्तकातलीच."

त्याची परीक्षा लगेच झाली. पिवळा लागला आणि मी पुस्तकातल्यासारखी, पांढऱ्या रेषेच्या अलीकडे उभी राहिले. मागून जे हॉर्न सुरू झाले, ते ऐकून कुणाला वाटावं वरात अडलीय. माझा पाय आपोआप क्लचवरून उठायला लागला. मास्तर समोर बघत शांतपणे म्हणाले, "मागचा हॉर्न म्हणजे त्येचं मत. समोरचा दिवा म्हणजे कायदा. मतं लई असत्यात." ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्रात 2015 मध्ये बंद झालं. मास्तरांचं म्हणणं, लोकांनी ते पाठीवरनं पुसलं आणि तळहातावर लिहून घेतलं.

हायवेवर पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, हे त्यांनी मीटरमध्ये सांगितलं नाही. "पुढचा टेंपो खांबापाशनं गेला की सावकाश तीनदा 'पांडुरंग' म्हणा. तिसरा पांडुरंग पुरा व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचला, तर लई जवळ हाय." आणि पाऊस असेल तर? "सहादा म्हणा. न्हाईतर त्यो सवता भेटायला यील." घरी जाऊन मी गणित केलं. ताशी 60 किलोमीटरच्या वेगानं गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त जाते. डोळ्यांनी धोका बघून पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एक पांडुरंग संपतो. उरलेल्या दोनांत गाडी थांबवायची. त्या दिवसापासून माझं नामस्मरण वाढलंय.

शेवटच्या आठवड्यात मास्तरांनी गाडी समर्थ मंदिराच्या पुढे, यवतेश्वरच्या घाटाला घालायला लावली. सप्टेंबर होता. कासची फुलं उमलली होती आणि ती बघायला गाड्यांची रांग लागलेली. चढावर गाडी उभी करायला लावून त्यांनी हँडब्रेकवर उचलायला शिकवलं: हँडब्रेक ओढलेला, पाय अर्ध्या क्लचवर, इंजिनाचा आवाज जाड झाला की हँडब्रेक सोडायचा. उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरा. गिअर काढला की सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापला की त्यो ऐकत न्हाई. दहा रुपयाचं पेट्रोल वाचतंय आणि..." इथं ते नेहमी थांबतात. वाक्य पुरं करत नाहीत.

एका अरुंद वळणावर समोरून पांढरी, उंच गाडी उतरत आली. एमएच 12. वळणातच आमच्यावर येणार, तेवढ्यात आमची गाडी थांबली. तीही थांबली, पण मागं सरकेना. आतले गृहस्थ काच खाली करून मला हातानं 'मागे घ्या' म्हणू लागले. मागं उतार, त्याच्यामागं दरी, त्याच्याही मागं अख्खं सातारा शहर. मास्तर खाली उतरले. चपला नीट केल्या.

"साहेब, चढणाऱ्याला आधी वाट."

"असं कुठं लिहिलंय?"

हा प्रश्न विचारताना पुणेकराला एक आत्मविश्वास असतो, कारण समोरच्याकडे लेखी काही नसतं. मास्तरांनी गाडीचा डॅश उघडला. आतून खाकी कव्हर घातलेलं, कडा झिजलेलं नियमांचं पुस्तक काढलं आणि खुणेचा कागद होता ते पान साहेबांपुढे धरलं. घाटात रस्ता अरुंद असला की उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यायची. साहेबांनी चष्मा लावून ते वाचलं. मग पुस्तक उलटून कितवी आवृत्ती तेही पाहिलं. आणि गाडी मागं घेतली. मी महाराष्ट्रात छापील शब्दाचा इतका तातडीचा परिणाम यापूर्वी पाहिला नव्हता.

लर्निंग लायसनला तीस दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते. मी दिली, पास झाले. पेढे घेऊन गेले तेव्हा मास्तरांनी ती लांबडी वही माझ्यापुढे उघडून ठेवली. ती हजेरी नव्हतीच. पहिल्या तारखेसमोर रेघांचं कुंपण होतं. मोजल्या, एकतीस भरल्या. दुसऱ्या दिवशी सव्वीस. पुढे कमी कमी होत गेलेल्या. जितक्या वेळा मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला, तितक्या रेघा. ज्या दिवशी माझी गाडी झोकात चालल्याचं मी नवऱ्याला फोन करून सांगितलं होतं, त्या दिवशीच्या एकोणीस होत्या. शेवटच्या आठवड्यात सगळी पानं कोरी. फक्त एक रेघ.

"ही कुठली, मास्तर?"

"यवतेश्वरची. ती तुमची न्हाई. पुण्याची हाय."

परवा एसटीनं पुण्याला निघाले होते. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ओळखीचा झुकलेला खांदा दिसला. मास्तर भाचीच्या लग्नाला चालले होते. मी शेजारी बसले. पेपर त्यांच्या मांडीवर उघडा होता, पण नजर समोरच्या काचेवर. बसनं हायवेला लागल्यावर एका कंटेनरला ओव्हरटेक केलं, तसा त्यांचा उजवा पाय फ्लोअरवर घट्ट दाबला गेला. बस तशीच पुढं गेली. मास्तरांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि पेपरच्या मोकळ्या कडेला एक रेघ ओढली. आधीच्या चार उभ्या होत्या. ही त्यांच्यावरून आडवी.

"मास्तर," मी हळूच विचारलं, "होईल का पास?"

त्यांनी पुढे बघत मान हलवली.

"खंबाटकीचा उतार यिऊ द्या. मग सांगतो."