शिळेला ताजं, आम्हाला शिळं

घोडेगावच्या फाट्यावरून शिंगणापूरकडे वळणाऱ्या गाड्यांत तेलाची बाटली असतेच. भेसळीच्या तेलाने शनिशिळेची झीज होते, म्हणून देवस्थानाने 1 मार्च 2025 पासून फक्त ब्रँडेड तेलाचा नियम केला. संशय आलाच, तर तपासणी. उत्तम! दगडाला जपायलाच हवं.

फाट्यांवरच्या कढयांना मात्र कुणाची साडेसाती नाही. पुन्हापुन्हा तापवून ज्यात 25 टक्क्यांहून जास्त पोलर घटक झाले, ते तेल वापरायचं नाही, हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. वडेवाल्याला विचारून बघा. (मी विचारणार होतो, वडा गरम होता.)

तेलापाठोपाठ येतं कोलेस्टेरॉल. ते गोऱ्या साहेबाचं दुखणं, अशी आपली जुनी समजूत. 1980 ते 2018 या काळाचा दोनशे देशांचा हिशेब 2020 साली ‘नेचर’मध्ये आला. वायव्य युरोपाने खाणं बदललं, स्टॅटिनच्या गोळ्या गिळल्या. तिथली पातळी उतरली. पूर्व आणि आग्नेय आशियात चढली. जगाची सरासरी जवळपास जागच्या जागी! सरासरी फार साळसूद असते.

आपल्याकडे आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या 2014च्या अहवालात, महाराष्ट्र धरून चार प्रदेशांत, 13.9 टक्के प्रौढांचं कोलेस्टेरॉल जास्त होतं. 2023 साली देशभराचा आकडा आला 24 टक्के. प्रदेश वेगळे, तेव्हा थेट वजाबाकी करू नका. निर्धास्तही होऊ नका. त्यातही खरी मेख पुढेच आहे. चांगलं म्हणतात ते एचडीएल 66.9 टक्के लोकांत कमी, ट्रायग्लिसराइड 32.1 टक्क्यांत जास्त. इथे एकट्या तेलाला फाशी देऊन भागत नाही. साखर, मैदा आणि बैठक हेही आरोपी. बैलामागे चालणारा ट्रॅक्टरवर बसला, बांधापर्यंत मोटरसायकल गेली, ताटातलं वाढप तेवढंच राहिलं. आणि साखरेविरुद्ध बोलायचं कुणी? नेवासा तालुक्यात सोनईला एक कारखाना, भेंड्याला दुसरा. बोलणाऱ्याचं डिपॉझिट जाईल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवाले घरी येऊन रक्तदाब बघतात, साखर बघतात. कोलेस्टेरॉल बघत नाहीत. घोडेगावच्या कांद्याचा भाव लिलाव उठायच्या आत मोबाइलवर येतो. कांदा पिकवणाऱ्याच्या रक्ताचा भाव दशकातून एकदा येतो, तोही इंडियाब करणाऱ्या चेन्नईच्या संस्थेने काढलेला.