बोरामणीच्या नियोजित विमानतळास अनावृत पत्र

प्रति,
मा. आंतरराष्ट्रीय विमानतळ (नियोजित),
मु. पो. बोरामणी, ता. दक्षिण सोलापूर, जि. सोलापूर.

विषय : आपण नेमके कुठे आहात, याबाबत.
संदर्भ : मागील सर्व निवडणुकांतील सर्व पक्षांची भाषणे.

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्याला पत्र लिहायचं म्हणजे आधी पत्त्याचीच पंचाईत. कागदोपत्री आपली तब्येत ठणठणीत आहे. साडेपाचशे हेक्टरच्या आसपास जमीन, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबानं साडेतेराशे एकर, आपल्यासाठी घेऊन ठेवलेली. पाठीशी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी. नावात ‘आंतरराष्ट्रीय’. पण हैदराबाद रोडनं भेटायला यावं तर कुसळं, मुरूम, वेड्या बाभळी आणि मेंढ्यांचा एखादा कळप. मेंढक्याला विचारलं, विमानतळ कुठं आलं हो, तर तो काठी उचलून चारी दिशा दाखवतो. त्याचं काही चुकत नाही. आपण खरोखरच चारी दिशांना आहात.

आपलं वयही आता लहान राहिलं नाही. आपल्या नावानं संपादनाच्या नोटिसा निघाल्या त्या सुमारास जन्मलेली पोरं दहावी-बारावीला बसली. आणखी दोन-तीन वर्षांत ती हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातील. 2001 पासून आमच्याकडची हुशार पोरं पुण्याला पोचवायची ती खात्रीची सोय आहे. त्यांना इथंच काम मिळावं म्हणून आपण येणार होता. उद्योजक विमानातून उतरणार, चिंचोळीला नाहीतर अक्कलकोट रोडला कारखाना काढणार आणि संध्याकाळच्या विमानानं परत जाणार, असा तो बेत होता. उद्योजक अजून घरीच आहेत. पोरं मात्र वेळेवर निघतात.

आपलं अडलं कुठं, हे मी शोधलं. मधली 33 हेक्टर जमीन वनखात्याची निघाली. तिचं निर्वनीकरण होईना, कारण आमचा जिल्हा माळढोकाचा. आता माळढोक आणि सोलापूर हा किस्सा आपण जिल्ह्यात नवखे असल्यामुळे आपल्याला सांगणं भाग आहे. 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते 8,496 चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर, दोन जिल्ह्यांतल्या गावंच्या गावं त्यात गेली. लोकांची घरं, विहिरी, तालुक्याची कचेरी, सगळं अभयारण्यात. पाखरू नान्नजच्या गवतात आणि त्याचे नियम शंभर मैलांवर. पुढं बरीच वर्षं कोर्टकज्जे होऊन ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पाखरानंच आपला कारभार आवरता घेतला होता. आता गणनेत एखादी मादी दिसली तरी पेपरात बातमी येते. म्हणजे काय झालं पाहा. जो पक्षी सहसा दिसत नाही, त्याच्यामुळे जे विमान कधीच दिसलं नाही ते अडून राहिलं आहे.

यात माळढोकाला बोल लावायला मी तयार नाही. तो आपल्या आधीपासून इथला. ज्या माळाला महसूल खातं पडीक म्हणतं, तेच त्याचं घरदार; उघडं गवत, लांबवर नजर जाईल अशी जमीन, वर्षाकाठी जेमतेम एक अंडं. मेंढक्याचंही पोट त्याच गवतावर. पडीक हा शिक्का त्या जमिनीवर कधीही न बसलेल्या माणसानं मारलेला असणार. माझा प्रश्न साधा आहे. शेतकऱ्यांच्या साडेपाचशे हेक्टरांची मोजणी, पंचनामे, निवाडे, सह्या, अंगठे सगळं पार पडेपर्यंत मधली 33 हेक्टर कुणाच्या नजरेला कशी पडली नाहीत? शेतकऱ्याची जमीन घ्यायला तलाठी पुरतो. वनखात्याची जमीन घ्यायला दिल्ली लागते. एवढी गोष्ट ज्याला कळते त्यानं आधी दिल्लीला विचारलं असतं आणि मग बोरामणीच्या पारावर जाऊन बसला असता. आपल्या बाबतीत उलट झालं. बिनबोभाट मिळालं ते आधी घेतलं आणि अडणारं होतं ते शेवटाला ठेवलं. आपल्या रिकामपणाचं सगळं गणित त्या क्रमात आहे.

आपण आला नाहीत म्हणून होटगी रोडच्या जुन्या विमानतळाला म्हातारपणी कामाला जुंपावं लागलं. तिथं मध्यंतरी किंगफिशरचं विमान काही दिवस येऊन गेलं. पुढं ती कंपनीच राहिली नाही. मग उडान योजना आली, आणि त्या वाटेत आडवी आली श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी. नव्वद मीटरच्या घरातली. चिमणी हवी की विमान, यावर सोलापूर कित्येक वर्षं दोन तटांत भांडलं. एकीकडं उपोषणं, दुसरीकडं ऊस उत्पादकांचे मोर्चे. दोन्हीकडं एकमेकांचे पाहुणे. लग्नकार्यात जेवणाच्या पंक्ती वेगळ्या बसायची वेळ आली होती. अखेर 15 जून 2023 रोजी स्फोटकं लावून चिमणी पाडली. उभं राहायला वर्षं लागलेली वस्तू काही सेकंदांत धुळीला मिळाली आणि बघायला आलेल्या गर्दीनं मोबाइल खिशात घातले.

29 सप्टेंबर 2024 ला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून त्या विमानतळाचं उद्घाटन केलं. पहिलं प्रवासी विमान त्यानंतर आठ महिन्यांनी, 9 जून 2025 ला उडालं. गोव्याला! मुंबईचं सुरू व्हायला 15 ऑक्टोबर उजाडला. मधले चार महिने टॉवेल आणि चादरीचे नमुने घेऊन आमचा व्यापारी विमानानं नेमका कुठं जात होता, हे कुणी त्याच्या घरी विचारू नये. असो. तिथं लहान विमानं उतरतात. मोठी आपल्याकडं उतरायची होती. म्हणजे आपण नसूनही एका कारखान्याचं धुराडं आपल्या हिशेबात धरावं लागेल. आपण वेळेवर आला असता तर ते धुराडं आजही उभं असतं.

आता मी ज्या कामासाठी मुद्दाम लिहायला बसलो त्याकडं येतो. आपण काहीच केलं नाही, असं लोक म्हणतात. हा आपल्यावर अन्याय आहे. आपण एक काम चोख केलं : प्लॉट विकले.

आमच्या साडूंचंच घ्या. ‘नियोजित आंतरराष्ट्रीय विमानतळापासून अवघ्या दहा मिनिटांवर’ अशी रंगीत जाहिरात बघून त्यांनी दोन गुंठे घेतले. जाहिरातीत जंबो विमान होतं, निळं पाणी होतं, एक गोरं कुटुंब होतं आणि का कोण जाणे, नारळाची झाडं होती. गेल्या दसऱ्याला मी त्यांच्याबरोबर प्लॉटची पूजा करायला गेलो. नकाशावरचा नऊ मीटरचा रस्ता म्हणजे तुरीची सरी निघाली. चार कोपऱ्यांना चार दगड, त्यांवर लाल रंगात नंबर, असं कागदावर होतं. जागेवर तीन दगड सापडले. चौथ्यावर शेजारच्या वस्तीतल्या बाई धुणं आपटत होत्या. साडूंनी खिशातून लाल ऑइलपेंटची डबी काढली आणि उकिडवं बसून उरलेल्या तीन दगडांवरचे नंबर पुन्हा गिरवले. दर वर्षी गिरवतात. ऊन-पावसानं जातात म्हणे. मग नारळ फोडला. खोबरं वाटायला आजूबाजूला दुसरा प्लॉटधारक नव्हता. एक कुत्रं आलं, त्यानं वास घेतला आणि ते गेलं. ले-आउट टाकून सगळे प्लॉट विकून मोकळा झालेला मूळ मालकच अजून तिथं तूर पेरतो आणि काढतो. साडू त्याला काही म्हणत नाहीत. जागा राखली जाते, एवढं बरं मानतात. त्या एकशे चाळीस प्लॉटांत पीक काढणारा तो एकटाच शहाणा, असं माझं मत झालं. साडूंना बोलून दाखवलं नाही, कारण परतीचं पेट्रोल त्यांचं होतं.

तर आपली खरी पिलावळ ही आहे. आपण एक रिकामी जागा, आपल्या भोवती शेकडो रिकाम्या जागा. कुणी मुलीच्या लग्नासाठी, कुणी फंडाच्या पैशातून, कुणी बिडी कारखान्यातल्या हिशेबातून वाचवून घेतलेल्या. त्यांतल्या किती एन.ए., किती गुंठेवारीच्या, किती 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात लटकलेल्या, ते रजिस्ट्रारच जाणे. घर बांधायला तिथं पाणी नाही. आणि पाण्याचं म्हणाल तर खुद्द शहरानंच इतकी वर्षं चार-पाच दिवसांआड नळाला तोंड धुतलं आहे. 28 जानेवारी 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत आमचा नववा नंबर आला, त्या दिवशी आमच्या गल्लीत पाणी यायचा दिवस नव्हता म्हणून पेढे वाटून हात धुवायची पंचाईत झाली होती.

आपले भाऊबंद शहरात पुष्कळ आहेत, त्यांची ख्यालीखुशाली थोडक्यात कळवतो. थोरली जुनी गिरणी, 1877 ची, मुरारजी गोकुळदासांची. तिचा भोंगा थांबून साठ वर्षं उलटली. आवारातल्या जमिनीचे दावे मात्र तिच्या कामगारांपेक्षा जास्त जगले. नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू याही यथावकाश निवृत्त झाल्या. शिवाय विकास आराखड्यातली आरक्षणं आहेत : इथं शाळा, तिथं दवाखाना, पलीकडं खेळाचं मैदान. 1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 127 सांगतं, की दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकानं नोटीस द्यावी आणि त्यावर दोन वर्षांत हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप मिटतं. ज्या माणसानं हे ‘आपोआप’ लिहिलं, त्यानं शाळेची जागा परत मिळवायला जाणाऱ्या पोरांचा विचार कुठं केला असेल?

पण सगळीच कथा अशी आहे असं समजू नका, नाहीतर आपल्याला सोबतीचा भास होईल. कुंभारीला जाऊन या. तिथंही माळच होता. त्यावर आधी गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं झाली, विडी वळणाऱ्या बायकांची. मग रे नगर, तीस हजार घरांचं. त्यांतल्या 15,000 घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. कामगार नेते आडम मास्तरांच्या मागं त्या बायका वर्षानुवर्षं उन्हात चालल्या, कलेक्टर कचेरीसमोर डबे उघडून बसल्या. आपल्यासाठी कोण चालणार? ज्यांना आपण हवे आहात, त्यांना पायी चालायची सवय नाही. आणि ज्यांची जमीन आपल्यात गेली, ते आपण यावेत म्हणून चालतील, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आपल्याला एकदम नाउमेदही करत नाही. नवी मुंबई विमानतळाची घोषणा 1997 च्या सुमाराची आणि उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 चं. त्या मानानं आपण अजून मिसरूड फुटलेले. पण दुसरा दाखलाही ऐकून ठेवा. कॅनडात माँट्रियलजवळ मिराबेलला 1969 साली सरकारनं विमानतळासाठी सुमारे 97,000 एकर जमीन घेतली, शेतकऱ्यांना उठवलं. 1975 ला विमानतळ झालाही. प्रवासी मात्र शहराजवळच्या जुन्या विमानतळालाच चिकटून राहिले, आणि 2004 ला तिथली प्रवासी विमानं बंद पडली. तिथल्या शेतकऱ्यांनी भांडून-भांडून बरीचशी जमीन परत मिळवली. जुना विमानतळ शहरात चालू आणि नवा माळावर, ही मांडणी आपल्याला ओळखीची वाटेल.

आमच्याकडंही 2013 च्या भूसंपादन कायद्यात कलम 101 आहे. ताबा घेऊन पाच वर्षं जमीन वापरली नाही तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या भूपेढीत परत जाते. आपला बहुतेक मामला त्या कायद्याच्या आधीचा, त्यामुळं घाबरू नका. आणि कायदा लागू असता तरी ‘मालकाला किंवा सरकारला’ या दोघांत सरकार कुणाची निवड करील, हे बोरामणीतलं शेंबडं पोरही सांगेल.

म्हणून विनंती एवढीच, की आपण येणार असाल तर या, नसाल तर तसं एका ओळीत कळवा. तोवर निदान आपल्या हद्दीत दर वर्षी एक-सालीनं ज्वारी पेरायला मूळ मालकांना परवानगी द्यावी. मालदांडीचं ताट उभं राहिलं तरी फार तर माणसाच्या डोक्याच्या वर जातं. विमानाला आडवं येण्याइतकं नाही. आणि काढणी करून आम्ही चार महिन्यांत रान मोकळं करून देऊ. चार महिन्यांत आपण येणार नाही, एवढी खात्री आम्हाला सर्वपक्षीय आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
जुळे सोलापूरचा एक रहिवासी

ता. क. : उत्तर पाठवायचं झाल्यास घर सापडायला सोपं आहे, बागेच्या आरक्षणासमोर. पोस्टमनला बाग विचारू नका, ती कुणालाच माहीत नाही. डुकरांचा प्लॉट म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडतो.