घुग्घुसला घोंगडी पाठवा

लोकरीचा नकाशा काढायला सांगितला तर कुणीही काश्मीरवर एक टिंब देईल, कुलू-मनालीवर दुसरं, आणि मराठी बाणा फारच उसळला तर महाबळेश्वरवर तिसरं. घुग्घुसवर टिंब देणाऱ्याला लोक आधी पाणी पाजतील, मग सावलीत बसवतील आणि मगच त्याचं म्हणणं ऐकतील. वर्धा नदीच्या काठचं हे गाव कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना आणि स्पंज आयर्नच्या भट्ट्या यांसाठी ओळखलं जातं. चंद्रपूर जिल्ह्यातला मे महिना पारा ४७-४८ अंशांवर नेऊन ठेवतो. त्यातून काही धग कमी पडलीच, तर कारखाने ती भरून काढतात. इथे लोकरीचं दुकान घालणाऱ्याला कोणतीही बँक कर्ज देणार नाही. तरीही माझं म्हणणं असं की लोकरीची खरी गरज श्रीनगरला कमी आणि घुग्घुसला जास्त आहे. हे विधान उन्हाच्या भरात केलेलं नाही. त्याला पुरावे आहेत.

पहिला पुरावा खुद्द लोकरीचाच. लोकर गरम असते ही समजूत स्वेटरवाल्यांना सोयीची असली, तरी पदार्थविज्ञानाला मान्य नाही. नागमोडी तंतूंच्या गुंत्यात लोकर हवा अडकवून ठेवते, आणि अडकलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश सरकते. लोकरीचं काम एवढंच. उष्णता आतून बाहेर निघाली आहे की बाहेरून आत, याची चौकशी ती करत नाही. दोघींनाही ती तितक्याच निष्पक्षपणे ताटकळत ठेवते. हिवाळ्यात शरीर ३७ अंशांवर आणि बाहेर १० अंश असतात, तेव्हा ती आपली ऊब राखते. मे महिन्यात बाहेर ४७ अंश आणि शरीर तेच ३७, म्हणजे परिसरातली थंड वस्तू आपणच. तेव्हा अडवायचं असतं ते बाहेरचं. विदर्भातला माणूस हे जाणतो, म्हणून तर भर दुपारी सदरा काढून न फिरता तो डोक्या-कानाभोवती दुपट्टा गुंडाळून निघतो. मेंढीलाही हे कळतं. विसाव्या शतकाच्या मध्यात ऑस्ट्रेलियातल्या तापत्या उन्हात मेरिनो मेंढ्यांची मोजमापं घेतली गेली. लोकरीच्या टोकाशी तापमान ८० अंशांच्या पुढे गेलं होतं आणि खाली कातडीशी ते चाळिशीच्या आसपास होतं. लोकर कातरून मोकळी केलेली मेंढी उन्हात सुखावत नाही, उलट अधिक धापा टाकते. यावर एखादा चिकित्सक म्हणेल की दमट हवेत लोकर ओलावा शोषते आणि शोषताना थोडी उष्णता सोडते, म्हणजे तिच्यात ऊब असतेच. मान्य. पण त्यासाठी हवेत ओलावा लागतो, आणि मे महिन्यात तो घुग्घुसमध्ये शोधूनही सापडायचा नाही.

दुसरा पुरावा असा की घुग्घुस आणि त्याचा शेजार लोकर आजही वापरतोच. फक्त ती मेंढीची नसते. चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्रात साधारण ५४० अंशांची वाफ पाइपांतून धावते. त्या पाइपांना अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याखाली जाडजूड लोकरीचं अस्तर असतं, ज्याला कामगार लॅगिंग म्हणतात. माणूस उन्हात तळमळत असताना शेजारचा पाइप लोकर पांघरून निवांत असतो. ही लोकर दगडाची असते. बेसॉल्टसारखा खडक सुमारे १५०० अंशांना वितळवून फिरत्या चाकांवर सोडला की त्याचे जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे तंतू होतात. भट्टीतल्या मळीपासूनही अशीच लोकर बनते. जर्मनीत १८७१ मध्येच तिचं व्यापारी उत्पादन सुरू झालं होतं. हवाई बेटांवरचे ज्वालामुखी तर हा उद्योग परवान्याशिवाय करत आले आहेत. तिथल्या लोकांनी त्या काचेरी तंतूंना पेले देवीचे केस मानलं. आपल्याकडे वर्धेपलीकडे यवतमाळच्या बाजूला हा काळा खडक हवा तेवढा पसरला आहे. मेंढीला निदान चारा लागतो, खडकाला तोही नको.

आक्षेप येईल की ही नावापुरती लोकर झाली. नावावरून नातं जोडू नये हे खरं. उसावरचा लोकरी मावा २००२ नंतर सांगलीकडून पसरला आणि शेतकऱ्यांची झोप उडवून गेला. त्याच्या अंगावरचा पांढरा कापूस म्हणजे निव्वळ मेण, त्याला मी आमच्या पक्षात घेणार नाही. पण नात्याची कसोटी कामावरून लावायची, तर थोड्या मालात पुष्कळ तंतू आणि तंतूंमध्ये पुष्कळ मोकळी जागा हे लोकरीचं कूळ. त्या कसोटीवर विदर्भातला प्रत्येक कूलर उत्तीर्ण होतो. त्याच्या तीन बाजूंच्या जाळीत भरलेलं ‘गवत’ बहुधा गवत नसतंच. ती लाकडाची लोकर असते, वुडवूल. तिथे हवा कोंडायची नसून ओल्या तंतूंमधून ओढायची असते. लाकडाच्या फळीवर पाणी ओतून हे साधलं नसतं. अशा रीतीने भारतात लोकरीवर सर्वांत जास्त विसंबणारा माणूस कोण, तर मे महिन्यातला वैदर्भीय; आणि हिवाळ्यात तो कूलर माळ्यावर टाकून लोकर संपली म्हणतो.

इतिहासाचा आधार घेणारेही भेटतील: लोकर थंड प्रदेशाची, घुग्घुसला बर्फाचा काय वारसा? तर तो आहे, आणि काश्मीरला हेवा वाटावा असा. वर्धेच्या खोऱ्यात, चंद्रपूरजवळच्या इरई गावाशी चुनखडीच्या पृष्ठभागावर ओरखडे सापडले आहेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फेडन यांनी १८७५ साली त्यांची नोंद केली. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग गोंडवना महाखंडाबरोबर दक्षिणेला होता आणि सरकत्या बर्फाने दगडगोटे घासत नेऊन ते ओरखडे काढले. बर्फ हटल्यावर त्या गार हवेत जी जंगलं माजली, त्यांचाच घुग्घुसचा कोळसा झाला. तेव्हा लोकरीची खरी निकड होती आणि मेंढी उत्क्रांत व्हायला अजून कोट्यवधी वर्षं होती. आज मेंढ्या आहेत, आणि आपण त्या गारठ्यात साठलेला कोळसा जाळून उकाडा वाढवतो आहोत.

आता खऱ्या मेंढीकडे येऊ. चंद्रपूर-गडचिरोलीत कुरमार मेंढपाळ आहेत. घोंगडी ही त्यांची जुनी विद्या. दख्खनी मेंढी वर्षाला किलोभर लोकरही मुश्किलीनं देते, तीही जाडीभरडी. मऊ स्वेटरच्या बाजारात तिला कुणी विचारत नाही. कातरणीचा खर्च निघाला तरी पुष्कळ, अशी गत. मेंढी-शेळी विकासाचं राज्याचं महामंडळ १९७८ पासून आहे, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात लोकर म्हणजे हिवाळा हे घट्ट बसलं असेल तर महामंडळ तरी काय करणार? विदर्भातल्या शहरांत थंडी पडली की तिबेटी विक्रेते स्वेटर घेऊन बसतात, ते चार दिवस खपतात, आणि लोकरीचं वार्षिक अधिवेशन संपतं. खरं तर ही जाडी लोकर टिनाच्या छपराखाली अस्तर म्हणून उत्तम. अशी लोकरीची अस्तरं युरोपात आणि न्यूझीलंडमध्ये विकली जातात. ती आग पटकन धरत नाही: हवेत ऑक्सिजन २१ टक्के, आणि लोकरीला जळत राहायला साधारण २५ टक्के लागतो. म्हणूनच भट्टीवरच्या कामगारांना आणि अग्निशामकांना जगभर लोकरीचे कपडे देत आले.

उणिवा लपवायच्या नाहीत. ५४० अंशांच्या पाइपावर मेंढीची लोकर करपेल, तिथे दगडाचीच हवी. कसर लागते, म्हणून बोरॅक्स मारावा लागतो. भर दुपारी घोंगडं पांघरून फिरा असंही मी म्हणत नाही. घाम वाळायला वारा लागतो. आणि छताला अस्तर लावून रात्री खिडक्या बंद ठेवल्या, तर तीच निष्पक्ष लोकर घरातली धग घरातच कोंडेल. पण हे दोष वापरण्याच्या रीतीचे आहेत, वस्तूचे नाहीत. वाफेला अस्तर देताना हिशेब करणारा समाज माणसाच्या छपराशी आला की हिशेब विसरतो, एवढीच माझी तक्रार. तेव्हा लोकरीचा हंगाम डिसेंबरातून उचलून मार्चमध्ये आणावा आणि कुरमारांचा माल आधी टिनाखाली लावावा. लावून उरला, तर थंडीत अंगावर घ्यायलाही हरकत नाही.