नवस, निकाल आणि लाडवांचा डबा

पोराला नवोदयमध्ये प्रवेश मिळावा म्हणून रांजणगावच्या महागणपतीला साकडं घालणारे पालक, निकाल लागताच रडायला मोकळे होतात. जवाहर नवोदय विद्यालय तसं जवळच, शिरूर तालुक्यातल्याच शिक्रापूरला. सहावीत जागा ८०, उमेदवार जिल्हाभरातून. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सरकारची. पालकांकडे उरतं वाट पाहणं.

आणि लाडवांचा डबा. तो आपल्याच मुलासाठी असतो ही आईची समजूत, वसतिगृहाची नव्हे.

सुट्टीत आलेलं पोर अंथरुणाची घडी घालतं, ताट घासतं. आई गहिवरते. चौथ्या दिवशी ताट जागेवरच!

नववीत काहीजण वर्षभर हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयात जातात. परतल्यावर आजीशीही हिंदी झाडतात. आजी भाकरी मराठीतच वाढते.