सात थर पाठ, डिस्क मात्र भरलेलीच

नेटवर्किंगचा कोर्स केलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, ओएसआय मॉडेलचे थर किती? सात. नावं? फिजिकलपासून ॲप्लिकेशनपर्यंत, एका दमात. आता विचारा, सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली आहे, काय करशील?

घोडं इथेच पेंड खातं.

बरं, मुलगा हुशार आहे असं धरू. तो सगळ्यात मोठी लॉग फाइल शोधतो आणि उडवतो. पुन्हा ‘डीएफ’ चालवतो. आकडा तोच, शंभर टक्के. ‘डीयू’ने फोल्डर मोजले तर बेरीज निम्म्यावरही जात नाही. मग जागा गेली कुठे? फाइलचं फक्त नाव गेलं. जो प्रोग्रॅम ती उघडून बसला आहे त्याने ती सोडलेली नाही, आणि तो सोडत नाही तोवर लिनक्स तिची जागा मोकळी करत नाही. ‘एलएसओएफ’ने तो प्रोग्रॅम हुडकायचा, रीस्टार्ट करायचा, की डिस्क मोकळी. हे एकदा स्वतःच्या हाताने केलेला माणूस जन्मात विसरत नाही. नोट्समध्ये वाचलेला माणूस पेपर देऊन बाहेर पडला की विसरतो.

नेटवर्कचंही तेच. पिंग होतो, एसएसएचने लॉगिन होतं, पण मोठी फाइल पाठवली की गाडी ठप्प. इथरनेटवर पाकिटाची कमाल मर्यादा 1500 बाइट, पीपीपीओईच्या लाइनवर 1492. पाकीट मोठं झालं की मधला राउटर आयसीएमपीने तसा निरोप परत धाडतो. तो निरोप फायरवॉलनेच अडवला तर पाठवणाऱ्याला पत्ता लागणार कसा? आणि फायरवॉलमध्ये तो नियम घातला कोणी?

‘सुरक्षेसाठी आयसीएमपी सरसकट बंद करा’ असं सांगणाऱ्या जाणकाराने.

रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा मला याचसाठी आवडते. तिथे अ, ब, क, ड नाही. समोर चालू मशीन असतं, त्यावर काम करून दाखवायचं. केलेलं काम रीबूटनंतरही टिकलं पाहिजे, नाहीतर गुण नाहीत. ‘आयपी’ कमांडने दिलेला पत्ता रीबूट होताच उडतो, हे तिथे लगेच कळतं. इतकी सरळ परीक्षा, आणि तिचेही फुटलेले प्रश्न ‘डम्प’ म्हणून विकत घेऊन पाठ करणारे आहेत. ते परीक्षेत पास होतील. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की कोणता डम्प उघडणार?

अनुभव नसलेल्यांनाच हे लागू आहे असंही नाही. 31 जानेवारी 2017. गिटलॅबच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. उडवायची होती राखीव सर्व्हरवरची, उडाली मुख्य सर्व्हरवरची. सुमारे 300 जीबी गेले. बॅकअप आणि रेप्लिकेशनचे पाच मार्ग होते, ऐन वेळी एकही धड कामाचा निघाला नाही. रोजचा बॅकअप पोस्टग्रेसच्या आवृत्त्या जुळत नसल्याने फसत होता. तो फसल्याचे ईमेल निघत होते, पण तेही नाकारले जात होते. सहा तास आधी सहज घेतलेला एक स्नॅपशॉट कामी आला, म्हणून कंपनी तरली. त्या सहा तासांचा डेटा मात्र कायमचा गेला.

हे त्यांनी जगाला स्वतःहून सांगितलं. बाकीचे झाकून ठेवतात.

आता मालक मंडळींना एक प्रश्न. नव्या मुलाच्या हाती पहिल्याच महिन्यात चालत्या सर्व्हरचा रूट पासवर्ड देता, मग तोडफोड करायला एक जुनं मशीन का देत नाही? त्याने शिकायचं कुठे, तुमच्या ग्राहकांच्या डेटावर?

आणि मुलांनो, मालकाची वाट बघू नका. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, लिनक्स फुकट आहे, साधा लॅपटॉप दोन छोटी मशीन सहज ओढतो. स्नॅपशॉट घ्या आणि बिनदिक्कत मोडा. डिस्क मुद्दाम भरा. फायरवॉलने स्वतःलाच बाहेर कोंडा, मग आत यायचा रस्ता शोधा. आणि बॅकअप घेत असाल, तर या रविवारी तो रिकाम्या मशीनवर परत उतरवून बघा.