घरघंटीला पाय फुटले

वाळूजच्या एका कारखान्यात मी २८ वर्षं इन्स्पेक्शनला होतो. १० मायक्रॉननं चुकलेल्या शाफ्टला लाल ठिपका लावून परत पाठवायचो. टर्नर मंडळी माझ्या नावानं बोटं मोडायची. आता निवृत्तीनंतर सिडकोतल्या घरी जिन्याखाली माझं वर्कशॉप आहे. त्यात एक व्हाइस, एक व्हर्नियर आणि एक शिडी असते. शिडी बाहेर काढली की मी आत मावतो.

मार्चमध्ये आमच्या घरघंटीला पाय फुटले. ज्वारी टाकली की थरथरत फ्रिजकडे निघायची. "अहो, नळाला पाणी येईल त्या दिवशी तरी बादली घेऊन जाईल का ती?" हिनं विचारलं.

मोटर उघडली. ६२०३ नंबरचं बेअरिंग बाहेरून ४० मिलिमीटर, पण ज्या ॲल्युमिनियमच्या झाकणात ते बसतं, तिथलं घर झिजून ४०.२० झालेलं. आपल्या पाणचक्कीचं बरं असतं. डोंगरातून आलेलं पाणी चाकावर पडतं, चाक आपलं सावकाश फिरतं. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या मुसाफिरांचं दळण तिनं तेवढ्यावर काढलं. आमची मोटर मिनिटाला २८८० फेरे घेते. तिला वीस शतांश मोकळीक म्हणजे उधळायला मैदान.

चिकलठाण्याचा खरादवाला आमच्याच कारखान्यातला जुना टर्नर. म्हणाला, "साहेब, बोअर वाढवून स्लीव्ह ठोकतो. पुढच्या आठवड्यात या." पुढचा आठवडा हे त्याच्याकडचं सगळ्यात सैल माप.

मग मी जे केलं, त्यासाठी दुसऱ्या कुणाला मेमो दिला असता. कोल्ड्रिंकच्या कॅनची पत्री कापली. जाडी ०.१०, बेअरिंगभोवती एक वेढा, म्हणजे व्यासात बरोबर ०.२०. असा हिशेब कंपनीत कधी जुळला नव्हता.

हिनं घरघंटीवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला. पहिली पायली दळून होईपर्यंत थेंबही सांडला नाही. दुसऱ्या पायलीला पेला नाचत नाचत खाली आला. तापलं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सुटते, हे मी हिला सविस्तर समजावलं.

"म्हणजे रिजेक्टच ना?" असं म्हणत हिनं नेलपॉलिशची बाटली आणली.

खरादवाल्यानं मोटरच्या झाकणावरचा लाल ठिपका बराच वेळ निरखला. मग आतल्या पोराला हाक मारून त्यानं दोन चहा सांगितले.