किक-ऑफ कसा करावा: होतकरू प्रमुख पाहुण्यांसाठी

अभिनंदन! सोयगावातल्या शालेय फुटबॉल सामन्याचं उद्घाटन तुम्ही करणार, असं पत्र हाती पडलंय. चेंडूला जन्मात कधी पाय लावलेला नाही? घाबरू नका. ज्यांनी लावलाय, त्यांना कुणी बोलावत नाही.

1. उशिरा या. दहाची वेळ असेल तर साडेअकरा शोभून दिसतात. मुलं उन्हात रांगेत उभी असतात, तेवढाच त्यांचा वॉर्म-अप. वेताळवाडीच्या घाटात ट्रक आडवा झाला होता म्हणा. बघायला कोण जातंय?

2. पादत्राणं जपून निवडा. आपली काळी माती सप्टेंबरात बुटाला अशी चिकटते की किक मारण्याआधी पाय उचलणं हाच व्यायाम. चप्पल घालून आलात तर अंगठा घट्ट आवळा. नाहीतर चप्पल चेंडूच्या पुढे जाते आणि टाळ्याही तिलाच पडतात.

3. वर्तुळात एकटे उभे राहू नका. किक-ऑफच्या वेळी प्रतिस्पर्ध्यांनी 9.15 मीटर लांब राहावं, असा नियम आहे. पण तो खेळाडूंना. अध्यक्ष, उपाध्यक्ष, माजी आणि भावी अशा सगळ्यांना खांद्याला खांदा लावून उभं करा. पहाटे उठून क्रीडाशिक्षकांनी फक्की मारून आखलेलं वर्तुळ दोन मिनिटांत पुसलं जाईल. तेव्हा सरांच्या तोंडाकडे पाहू नका. उगाच मन खातं.

4. नारळ गोलपोस्टवर फोडायचा असेल तर आधी पोस्ट हलवून बघा. बांबू असतो.

5. आता किक. पूर्वी चेंडू पुढेच मारावा लागे. 2016 पासून कुठल्याही दिशेला मारता येतो. म्हणजे फोटोग्राफर उभा असेल तिकडे मारा. चुकून थेट स्वतःच्याच गोलात गेला तरी गोल धरत नाहीत, समोरच्याला कॉर्नर देतात. कायदा इतका पाहुण्यांच्या बाजूचा क्वचितच असतो.

मग फोटोग्राफर म्हणेल, "साहेब, परत एकदा, डोळे मिटले होते." बेलाशक मारा. दुसऱ्या कुणाचा स्पर्श होण्याआधी त्याच खेळाडूने चेंडूला पुन्हा पाय लावला तर प्रतिस्पर्ध्याला इनडायरेक्ट फ्री किक मिळते, हे खरं. पण शिट्टी सरांच्या गळ्यात असते आणि सरांची बदली तुमच्या शब्दावर. तिसऱ्या खेपेला तर पाय हवेत, मान कॅमेऱ्याकडे आणि चेंडू जागच्या जागी ठेवा. उत्तम फोटो असाच येतो.

6. चेंडू मैदानाबाहेर जाईलच. भाषणात त्याला पॅरिसचा डावपेच म्हणा. 31 मे 2025 ला म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पॅरिस सेंट-जर्मेनच्या व्हितिन्याने किक-ऑफचा चेंडू मुद्दाम लांब, थेट रेषेबाहेर धाडला. थ्रो-इन प्रतिस्पर्धी इंटरचा, पण त्यांच्याच कोपऱ्यात. तिथेच त्यांना कोंडायचं. सामना 5-0 जिंकला. तुमचा चेंडू सरपणाच्या ढिगात गेला असेल, पण तत्त्व तेच.

7. नाणेफेक जिंकणाऱ्याला 2019 पासून किक-ऑफ घेण्याचा पर्याय परत मिळाला आहे. घ्यावाच असं नाही. 2002 च्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत किक-ऑफ दक्षिण कोरियाचा होता आणि साधारण अकराव्या सेकंदाला गोल तुर्कस्तानच्या हकान शुकूरचा. ही गोष्ट मुलांना सविस्तर, किमान वीस मिनिटं सांगा.

8. चेंडूची काळजी घ्या. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला, त्याआधी 15 सप्टेंबर 2017 ला राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचं सरकारने ठरवलं आणि शाळाशाळांत चेंडू वाटले. अशी सरकारी वस्तू रोज लाथाडणं बरं दिसत नाही. तुमची किक झाली की चेंडू पुसून कपाटात ठेवायला सांगा. मुलांसाठी दुसरा काढता येईल, पण किल्ली कारकुनाकडे आहे आणि कारकून तुमच्या जेवणाची पानं मांडतोय.